स्कूटर उत्तम चालते

रविवारी जेवताना मेहुण्याने ‘भंगार’ हा शब्द काढला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तसा त्याने तो सहजच काढला होता. वरण वाढून घेता घेता खिडकीतून खाली नजर गेली, कंपाउंडमधली निळी स्कूटर दिसली, आणि तो म्हणाला, “भावोजी, ती खालची वस्तू आता भंगारात काढा. मी माणूस पाठवतो. किलोवर उचलेल.”

खिडकीकाकांचा घास हातातच राहिला.

खिडकीकाका म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार खिडकीमागचे काका. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांना फक्त छातीपर्यंत पाहिलं होतं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजारच्याच्या नळाला आहे, असल्या सगळ्या तक्रारी शांतपणे ऐकून ‘काम चालू आहे’ या एकाच उत्तरावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. चिडायचं नाही, कबूल करायचं नाही आणि जागा सोडायची नाही, एवढंच त्यांना नोकरीने शिकवलं होतं. (घरी मधे जाळी नसायची, ही तेवढी अडचण.)

आणि ती निळी स्कूटर म्हणजे थोरली. हे नाव काकूंनी ठेवलेलं. त्यांच्या लग्नाआधीपासून ती काकांकडे होती, तेव्हा मान तिचाच मोठा, असं त्या म्हणायच्या. थोरलीच्या सवयी सगळ्यांना पाठ होत्या. सकाळी तिला आधी डाव्या कुशीवर कलती करायची, जरा वेळ तशीच धरायची, मग किक मारायची. उजवीकडे वळताना तिचा हॉर्न आपोआप वाजायचा आणि डावीकडे वळताना दाबूनही वाजायचा नाही. आवाज एवढा, की कार्यालयाचा रखवालदार ती दोन गल्ल्या अलीकडे असतानाच फाटक उघडायला उठायचा.

“तिला काय झालंय?” काकांनी विचारलं.

“चालत नाही,” मेहुणा म्हणाला.

“आज चालत नाही.”

“महिनाभर झाला, रोज आज चालत नाही,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मेहुणा विमा एजंट होता. प्रत्येक वस्तूकडे ती आता मोडणारच आहे अशा नजरेने बघायची त्याला धंद्याने सवय लावली होती. शिवाय त्याला नवी मोटार घ्यायची होती आणि जुनी बहिणीला विकून तिच्या दारात आणून लावायची होती. म्हणजे तक्रार आलीच, तर ती निदान जेवायला बोलावून केली जाईल. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तर केव्हाच हात जोडले होते. “काका, हिला माझ्या दारात उभी करू नका,” तो म्हणाला होता. “गिऱ्हाइकं बघतात आणि पुढच्या गॅरेजला जातात.”

हे सगळं काकांच्या मनात साचलेलं होतंच. त्यात हा किलोचा हिशेब.

“मी स्वतः इंजिन खोलणार,” काका म्हणाले. “आत्ता, जेवण झाल्यावर. उद्या तिच्यावर बसून ऑफिसला जाईन. उद्याच नाही, शनिवारपर्यंत रोज जाईन. एक दिवस जरी चुकलो, तर तू तुझा भंगारवाला आण आणि तुझं ते चारचाकी दुखणं माझ्या दारात लाव.”

“शब्द?”

“शब्द.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. (काकांनी तोवर स्वतःच्या हाताने उघडलेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे काकूंची छत्री. ती त्यांना नंतर मिटता आली नव्हती.)

दुपारी कंपाउंडमध्ये जुनी चादर अंथरली गेली. शेजाऱ्याकडून पान्यांचा डबा आणला. काकांनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध ठेवली होती. जो भाग आधी निघेल तो चादरीच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच्यानंतरचा त्याच्या शेजारी, असं करत करत शेवटचा भाग उजव्या कोपऱ्यात. बसवताना उलटं जायचं, बस. प्लग निघाला, कार्बोरेटर निघाला, मग ज्यांची नावं काकांना येत नव्हती असे बरेच भाग निघाले. तेही त्यांनी तितक्याच आदराने ओळीत मांडले. उतरत्या उन्हात ती ओळ अशी काही झळकत होती, की काका दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग समाधानाने वर हात धुवायला गेले.

तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. (पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या इमारतीत टाकीचा बॉल कॉक बिघडलेला असावा, हे कोणी खिडकीवर येऊन सांगितलं असतं, तर काम चालू आहे असंच उत्तर मिळालं असतं.) धार थेट कंपाउंडमध्ये पडू लागली. काकू खाली होत्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता चादरीची चारी टोकं एकत्र केली, गाठ मारली आणि गाठोडं जिन्याखाली नेऊन ठेवलं.

काका खाली आले तेव्हा त्यांच्या ओळीच्या जागी पाण्याचं थारोळं होतं.

“हे काय केलंस?”

“तुमची थोरली वाचवली.”

“मी सगळं क्रमाने लावलं होतं.”

“मग आता क्रमाने शोधा,” काकू म्हणाल्या आणि वर गेल्या.

काकांनी गाठ सोडली. आत जे काही होतं ते एखाद्या कुटुंबातल्या भांडणासारखं एकमेकांत गुंतलेलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच पडतं घेतलं असतं. काका बाह्या वर सारून बसले. जे ज्यात बसेल ते त्यात बसवायचं, आणि जे बसणार नाही ते जरा ठोकून बसवायचं, हे नवं तत्त्व त्यांनी स्वीकारलं. अंधार पडायच्या आत थोरली पुन्हा स्कूटरसारखी दिसू लागली. चादरीवर फक्त एक स्प्रिंग, दोन वॉशर आणि पितळेची एक लहानशी वस्तू उरली.

“हे कुठलं?” काकूंनी विचारलं.

“जास्तीचं आहे. कंपन्या घालून ठेवतात.”

“असं का? म्हणजे उद्या माझं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांच्या टेबलावर काही उरलं, तर तेही जास्तीचंच म्हणायचं.”

 मधे जाळी असती तर काकांनी खिडकी बंद केली असती.

सोमवारी सकाळी मेहुणा मुद्दाम हजर होता. फाटकाला टेकून तो मोटारीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. काकांनी थोरलीला डाव्या कुशीवर कलती केली, जरा वेळ धरली, किक मारली. आतून कोणी झोपेत कूस बदलावी तसा आवाज आला. दुसरी किक. तेवढाही नाही. मेहुण्याची किल्ली फिरायची थांबली आणि चेहरा खुलला.

इथे काकांच्या घराचा भूगोल त्यांच्या कामी आला. घर चढावर होतं. फाटकापासून रस्ता जो उतरायला लागायचा, तो दोन वळणं घेऊन थेट कार्यालयाच्या दारात जाऊन थांबायचा. काकांनी स्कूटर फाटकाबाहेर नेली, पायाने एक रेटा दिला आणि ऐटीत वर बसले. थोरली निघाली.

“भावोजी, आवाज कुठाय?” मागून मेहुणा ओरडला.

“दुरुस्त झाल्यावर आवाज कसा येईल?” काका मान न वळवता म्हणाले.

त्यानंतर त्यांना मान वळवायची सोयच राहिली नाही, कारण थोरलीने वेग घेतला होता. काकांच्या लक्षात आलं, की एकदा थांबलो तर पुन्हा निघणं आपल्या हातात नाही. पहिलं वळण त्यांनी श्वास रोखून घेतलं. स्पीडब्रेकरवर वेग मरू नये म्हणून सीटवरून अर्धे उठले. पण चौकात वाहतूक पोलिसाने नेमका हात आडवा केला. सगळी वाहनं थांबली. काका थांबू शकत नव्हते. त्यांनी छाती पुढे काढली, तक्रार खिडकीवरच्या आवाजात “पाणीपुरवठा. लाइन फुटलीय,” एवढंच सांगितलं आणि ते पोलिसाच्या हाताखालून निघून गेले. पोलिसाने दुसरा हातही वर केला आणि उरलेली दिशा थांबवून त्यांना वाट करून दिली.

कार्यालयाचं फाटक बंद होतं. आवाजच न आल्यामुळे रखवालदार उठला नव्हता. थोरली शेवटच्या दमाने फाटकापर्यंत आली, पुढचं चाक फाटकाला टेकलं आणि तिथेच थांबली. रखवालदाराने डोळे उघडले तर समोर काका.

“तुम्ही आलात कधी?”

“आत्ताच. इंजिन जरा हाताखालून घातलं. आता आवाज करत नाही.”

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या टेबलांवर पोचली. टंकलेखिका बाई खाली जाऊन बघून आल्या. खुद्द कार्यकारी अभियंता, म्हणजे साहेब, खिडकीशी थांबून म्हणाले, “काका, हे कसब इतकी वर्षं लपवून ठेवलंत?” काकांनी नम्रपणे मान खाली घातली. (खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते. आवाज खरंच येत नव्हता.)

संध्याकाळी सगळे गेल्यावर ते थोरलीला मागच्या गल्लीने घरी घेऊन निघाले. मागची गल्ली निर्मनुष्य म्हणून निवडली होती, पण ती मोठ्या रस्त्याहून जास्त उभी होती. पहिल्या दिवशी काका तीनदा टेकले. घरी पोचल्यावर शर्ट पिळता आला असता.

“स्कूटर चालते ना?” काकूंनी विचारलं.

“उत्तम चालते,” काका म्हणाले. तेही खरं होतं. ते चालत होते म्हणून ती चालत होती.

असं रोज सुरू झालं. सकाळी राजासारखं उतरायचं, संध्याकाळी हमालासारखं चढायचं. पोलीस आता काकांना लांबूनच ओळखून चौक मोकळा करू लागला. एकदा त्याने नुसतं “अजून फुटलेलीच का?” असं विचारलं, तेव्हा काका जाता जाता “काम चालू आहे,” म्हणाले. अडचण होती ती मागच्या गल्लीतल्या शिंप्याची. तो मशीन दारातच मांडून बसायचा आणि त्याला गप्पांची हौस होती. पहिल्या संध्याकाळी काकांनी त्याला पेट्रोल संपल्याचं सांगितलं, दुसऱ्या संध्याकाळी पंक्चर झाल्याचं.

तिसऱ्या संध्याकाळी शिंप्याने मशीन थांबवलं. “आज काय?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,” काका धापा टाकत म्हणाले.

“मग स्कूटर कशाला बरोबर?”

“एकट्याने चालायला कंटाळा येतो.”

शिंप्याने आधी काकांकडे बघितलं. मग त्यांच्या पँटकडे बघितलं आणि म्हणाला, “कमरेत सैल झालीय. आत घ्यायची तर टाकून जा.”

शनिवार उजाडला. आजचा एक चढ चढला की काका जिंकणार होते. पाच वाजता त्यांनी खिडकी लावली, पण मागे वळतात तो साहेब उभे.

“काका, आज माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे. मी तुमच्याच वाटेवर राहतो. मला सोडा तुमच्या त्या मुक्या स्कूटरवरून. बघू तरी काय जादू केलीय.”

 काकांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तेवढा सराव नोकरीने दिला होता.

“आनंदाने, साहेब. फक्त एक आहे. इंजिन नुकतंच बांधलंय. रनिंग-इनमध्ये चढावर भार द्यायचा नसतो. कंपनीचाच नियम आहे.”

“मग तुम्ही रोज कसे जाता?”

“उतरून. हातात धरून नेतो. नवं इंजिन म्हणजे तान्हं मूल, साहेब.”

साहेब इंजिनिअर होते. पण ते पाण्याचे इंजिनिअर होते, आणि पेट्रोलच्या बाबतीत आपलं अज्ञान कनिष्ठ कर्मचाऱ्यासमोर उघडं पाडण्यापेक्षा त्यांनी मान डोलावली. दोघं चालू लागले. अर्ध्या चढावर काकांचा दम उखडला, तेव्हा साहेबांनी संकोचत विचारलं, “मागून भार दिला तर चालतो का?”

“मागून चालतो,” काका म्हणाले.

साहेबांनी बॅग फूटबोर्डवर ठेवली, टाय खांद्यावरून मागे टाकला आणि दोन्ही हात सीटला लावले. शिंप्याने मशीन पुन्हा थांबवलं. या खेपेस त्याने साहेबांच्या पँटकडे बघितलं.

फाटकाशी मेहुणा उभा होता. शेजारी त्याची जुनी मोटार, आणि मोटारीला टेकून वजनकाटा घेतलेला भंगारवाला. (बातमी कोणी दिली हे सांगायला नको. मेहुण्याचे कपडे त्याच शिंप्याकडे असत.) काकूही खाली आल्या होत्या. हँडलला काका आणि मागे शर्ट भिजलेले साहेब, अशी थोरली फाटकात शिरली.

मग मेहुणा म्हणाला, “भावोजी, आता काय सांगणार?”

काका सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण श्वासच शिल्लक नव्हता. भंगारवाल्याने पुढे होऊन थोरलीचं हँडल धरलं, पुढचं चाक उचलून वजनाचा अंदाज घेतला, आणि काकांना ते बघवेना. त्यांनी मान फिरवली.

“हात काढ तिच्यावरून,” काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण भंगारवाल्याने चाक खाली ठेवलं.

“ताई, शब्द झाला होता,” मेहुणा म्हणाला. “तुझ्यासमोर झाला होता.”

“झाला होता ना. काय होता तो शब्द?”

“स्कूटरवरून ऑफिसला रोज जाणार म्हणून.”

“मग रोज गेले की. तिच्यावर बसून गेले. तू सोमवारी स्वतः बघितलंस.”

“आणि येताना? ढकलत आणतात ताई, रोज.”

“यायचा शब्द कुठे होता?” काकू म्हणाल्या. “शब्द जायचा होता. तू लोकांना पॉलिसी विकतोस, तेव्हा नाही का बारीक अक्षरात असतं? जे लिहिलंय ते भरून मिळतं, जे लिहिलेलं नाही ते मिळत नाही. मागे आमच्या छताचे विम्याचे पैसे मिळाले नाहीत, तेव्हा तूच समजावून सांगितलं होतंस.”

मेहुण्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. टेंडरमध्ये आम्हीही हेच करतो.”

“आणि ती भंगारात कधी जाईल ते मी ठरवीन,” काकू म्हणाल्या. “माझ्या घरातलं काय जुनं झालं आणि काय नाही, ते किलोवर ठरत नसतं. साहेब, चहा घेऊन जा. तूही ये वर. गाडी मात्र फाटकात लावू नकोस, थोरलीला वळवायला जागा लागते.”

मेहुण्याने मोटार मागे घेतली. भंगारवाला वजनकाटा खांद्यावर टाकून उतार उतरून गेला. काका थोरलीला स्टँडवर लावत होते. त्यांना त्याला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, कारण डोळ्यांत घाम गेला होता. (घामच होता. त्यांनी नंतर दोनदा तसं सांगितलं.)

चहा झाला, सगळे गेले. काका खुर्चीत बसून राहिले.

“खरं सांगू का?” ते म्हणाले. “त्या इंजिनात ना—”

“माहीत आहे. सोमवारी संध्याकाळीच कळलं. गच्चीवर कपडे काढायला गेले होते. तिथून मागची गल्ली अख्खी दिसते.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेत होतात. म्हटलं, नेऊ दे.”

काकांना भरून आलं. असं कोणी त्यांच्या बाजूने उभं राहिलं, की त्यांना लगेच मोठं मन दाखवावंसं वाटे.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “माझा हट्ट पुरे झाला. सोमवारी तिला सरळ मेकॅनिककडे नेतो. त्याचे पाय धरतो.”

“अजिबात न्यायची नाही,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“परवा तुम्ही रक्त तपासायला दिलं होतंत ना, त्याचे रिपोर्ट काल आणायला गेले होते. डॉक्टरांनी दोनदा वाचले, मग नाव तपासलं. साखर खाली, कोलेस्टेरॉल खाली. म्हणाले, इतकी वर्षं गोळ्यांनी जमलं नाही ते आठवड्यात कसं झालं? जो काही व्यायाम चालला असेल तो बंद करू देऊ नका, म्हणाले. मी म्हटलं, नाही करू देणार.”

“मी काय बैल आहे?” काका उसळून उठले. “मी तिला चालू करणार म्हणजे करणार. बघतो मला कोण अडवतंय.”

काकूंनी कपबशा उचलल्या आणि आत नेल्या. अडवलं कोणीच नाही.

थोरली आजतागायत बंद आहे. काकांनी तिला मेकॅनिककडे न्यायचं अनेकदा जाहीर केलं, प्रत्येक वेळी ताठ मानेने. आता ते मागच्या गल्लीतून लपून जात नाहीत. मोठ्या रस्त्याने, चारचौघांत, मान वर करून ढकलतात, आणि कोणी हसलंच तर थांबून त्याच्याकडे रोखून बघतात. (तेवढाच विसावा.) भाजीबाजाराशी काकू उभ्या असतात. आधी त्या फक्त पिशव्या फूटबोर्डवर ठेवायच्या. मग डॉक्टरांनी व्यायाम हळूहळू वाढवा असं सांगितलं, तेव्हापासून त्या स्वतःही सीटवर बसतात.

परवा मेकॅनिक दुकानाच्या दारात उभा होता. समोरून थोरली येताना दिसली. वर काकू, मांडीवर भाजीची पिशवी, आणि मागे वाकलेले काका.

“काय काकू,” तो म्हणाला, “या वयातही चढ घेते म्हणजे कमाल आहे. अ‍ॅव्हरेज काय देते?”

काकूंनी मागे वळून एकदा नीट बघितलं.

“एका चहात अख्खा चढ,” त्या म्हणाल्या. “फक्त आवाज जरा वाढलाय.”